रेडिएशनच्या आधीचे पंधरा दिवस

डोकं-मानेच्या कर्करोगाच्या रेडिएशनचे पहिले दोन आठवडे बहुतेकांचे बरे जातात. रोज नंबर लावायचा, मशीनखाली पाठीवर पडायचं, चेहऱ्यावर जाळीदार मास्क चढवून घ्यायचा आणि दहा-पंधरा मिनिटांत बाहेर यायचं. दुखत नाही, भाजत नाही, काही जाणवतही नाही. ‘एवढंच असतं होय!’ असं पेशंट घरी फोनवर सांगतो. तिसऱ्या आठवड्यात जेवणाची चव जाते. गालाची आतली कातडी लाल होते, मग सोलवटते. भाकरी राहिली बाजूला, साधं वरणही झोंबायला लागतं. थुंकी चिकट होते, तार धरते, मग कमी कमी होत जाते. पाचव्या-सहाव्या आठवड्यात मानेची कातडी काळवंडते, एखाद्या ठिकाणी ओलसर होऊन सुटते. आणि शेवटचा दिवस संपवून माणूस घरी येतो तेव्हा त्रास थांबत नाही, पुढचे आठ-दहा दिवस तो वाढतोच. ‘आता तर मशीन बंद झालं, मग हे काय?’ असं घरच्यांना वाटतं ते याच वेळी.

या उशिराचं कारण सरळ आहे. तोंडाच्या आतल्या अस्तराचा वरचा थर रोज झिजतो आणि खालच्या पेशी विभागून नवा थर वर पाठवतात. रेडिएशनचा घाव बसतो तो या खालच्या, विभागणाऱ्या पेशींवर. वरचा जुना थर काही दिवस टिकतो, म्हणून पहिले दोन आठवडे काहीच दिसत नाही. तो झिजून जातो, खालून नवा माल येत नाही आणि तोंड उघडं पडतं. उपचार थांबल्यावर जिवंत राहिलेल्या पेशी पुन्हा कामाला लागतात आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत तोंड भरून येतं.

हे झाले लवकर दिसणारे आणि लवकर बरे होणारे परिणाम. दुसरी जात वेगळी आहे. लाळ आटणं, जबडा आवळणं, गिळणं कठीण होणं, मानेची कातडी आणि स्नायू घट्ट होणं, दात किडणं, जबड्याचं हाड मरणं. यांतले काही महिन्यांनी दिसतात, काही वर्षांनी, आणि बहुतेक पूर्ण बरे होत नाहीत. पेशंटचं आणि नातेवाइकांचं सगळं लक्ष साहजिकच पहिल्या जातीकडे असतं, कारण ती समोर रडवते. पण जन्मभर सोबत राहते ती दुसरी. तिला आवर घालण्याची बरीचशी साधनं उपचार सुरू होण्याआधीच वापरायची असतात. नंतर कितीही पैसे खर्च केले तरी ती संधी परत मिळत नाही. आपल्याकडे नेमका हाच काळ ‘तारीख मिळायची वाट बघतोय’ म्हणून रिकामा जातो.

आकडे आधी सांगून टाकू. डोकं-मानेच्या कर्करोगाला फक्त रेडिएशन, किंवा रेडिएशन आणि किमो, अशी योजना असेल तर साधारण ६६ ते ७० ग्रे एवढा डोस लागतो. ग्रे हे शरीराने किरणांची किती ऊर्जा शोषली ते मोजायचं एकक. तो डोस रोज २ ग्रे याप्रमाणे, आठवड्याचे पाच दिवस, ३३ ते ३५ भागांत देतात. महाराष्ट्रात मात्र गाल आणि हिरडीचे कर्करोग फार. गुटखा, मावा, विदर्भातला खर्रा, बायकांमध्ये मिश्री. यांत बहुधा आधी ऑपरेशन होतं आणि मग ६० ग्रेच्या आसपास रेडिएशन. म्हणजे कोणत्याही योजनेत सहा ते सात आठवडे.

एवढे दिवस का लावायचे? एकदाच काय तो मोठा डोस देऊन मोकळं का होऊ नये? १८९५ साली राँटगेनला क्ष-किरण सापडल्यानंतरची पहिली काही वर्षं डॉक्टर तेच करत होते. गाठ वितळायची आणि तिच्याबरोबर कातडीही. पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये क्लॉडियस रेगॉ यांनी मेंढ्यांच्या अंडकोषांवर प्रयोग केले. एका मोठ्या डोसात मेंढ्याची प्रजननक्षमता संपवायची तर वरची कातडी भाजल्याशिवाय ते होत नसे. तोच डोस काही दिवसांत वाटून दिला की आतलं काम व्हायचं आणि कातडी वाचायची. त्यांचे सहकारी आंरी कुतार यांनी १९२०च्या दशकात हीच रीत स्वरयंत्राच्या कर्करोगाला लावली, आणि घशाचा नाश न करता काही रोगी बरे करून दाखवले. निरोगी पेशी दोन डोसांमधल्या वेळात आपली मोडतोड दुरुस्त करून घेतात. कर्करोगाच्या पेशींना ते तितकं जमत नाही. दुष्परिणाम कमी करण्याचा पहिला आणि आजवरचा सगळ्यात मोठा शोध हाच. पेशंटला ज्या सात आठवड्यांचा जाच वाटतो, ते सात आठवडेच त्याच्या घशाचं रक्षण करत असतात.

दुसरा मोठा बदल भूमितीचा. कोबाल्टच्या मशीनच्या जमान्यात चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंनी दोन मोठे चौकोन टाकत. कानापुढे असलेल्या दोन्ही लालाग्रंथी त्या चौकोनात सापडायच्या. लाळ गेली ती गेलीच. आपल्याला दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते आणि ती आहे तोवर तिची किंमत कळत नाही. लाळेशिवाय घास भिजत नाही, चव लागत नाही, दात टिकत नाहीत, रात्री जीभ टाळूला चिकटून झोपमोड होते. पाण्याची बाटली हाताशी ठेवून माणसं वर्षानुवर्षं काढतात. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात अव्राहम आइजब्रुक यांच्या गटाने १९९९मध्ये दाखवलं की कानापुढच्या लालाग्रंथीला मिळणारा सरासरी डोस साधारण २६ ग्रेच्या खाली ठेवता आला, तर तिचं काम पुढे बऱ्यापैकी परत येतं. तेव्हापासून हा आकडा नियोजनाच्या खोलीत एखाद्या लक्ष्मणरेषेसारखा पाळला जातो.

ती रेषा पाळणं शक्य झालं आयएमआरटीमुळे. या पद्धतीत मशीनच्या तोंडाशी असलेल्या टंगस्टनच्या पातळ पट्ट्या पुढे-मागे सरकत किरणांचा आकार आणि जोर बदलत राहतात. अनेक दिशांनी थोडं थोडं देत गाठीभोवती डोस गोळा होतो आणि शेजारच्या ग्रंथीला कमी बसतो. ब्रिटनमधल्या ‘पारस्पोर्ट’ चाचणीत ९४ रोगी होते. वर्षानंतर जुन्या पद्धतीच्या गटात ७४ टक्के लोकांना तोंड कोरडं पडण्याचा लक्षणीय त्रास होता, आयएमआरटीच्या गटात ३८ टक्के. आपल्या टाटा मेमोरियलमध्येही ६० रोग्यांवर अशी तुलना झाली, ती २०१२मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे लाळेचा मध्यम किंवा तीव्र त्रास साध्या त्रिमितीय पद्धतीत ८९ टक्क्यांना, तर आयएमआरटीत ५९ टक्क्यांना झाला. त्रास संपला नाही, कमी झाला. ‘आयएमआरटी म्हणजे साइड इफेक्ट नाही’ असं कोणी सांगितलं तर हे ५९ टक्के आठवावेत.

आणखी एक गोष्ट जाहिरातींत येत नाही. मशीन स्वतःहून काहीच वाचवत नाही. मास्क घालून काढलेल्या सीटी स्कॅनच्या एकेका चित्रावर डॉक्टर गाठीची हद्द आखतो. त्याचबरोबर लालाग्रंथी, जबडा, मज्जारज्जू, गिळण्याचे स्नायू हेही आखावे लागतात. मेडिकल फिजिसिस्ट मग त्यावर गणित मांडतो. जे आखलंच नाही, त्याला वाचवण्याचा हुकूम संगणकाला मिळतच नाही. गिळण्याच्या स्नायूंचं उदाहरण घ्या. बरीच वर्षं त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मग ‘डार्स’ नावाच्या ब्रिटिश-आयरिश चाचणीत घशाच्या मागच्या स्नायूंना मुद्दाम वाचवून नियोजन केलं, आणि वर्षानंतर त्या गटाने आपलं गिळणं जास्त चांगलं असल्याचं सांगितलं. मशीन दोन्ही गटांना त्याच प्रकारचं होतं. फरक आखणीचा होता.

म्हणून रोग्याने विचारायचा प्रश्न ‘मशीन कुठलं?’ एवढाच नसावा. गाठ एकाच गालात असेल, मधल्या रेषेपासून दूर असेल, मानेतल्या गाठींचा रिपोर्ट चांगला असेल, तर ‘एकाच बाजूला रेडिएशन पुरेल का?’ हे जरूर विचारावं. प्रत्येकाला ते चालत नाही. पण जिथे चालतं तिथे समोरच्या बाजूची लालाग्रंथी जवळजवळ पूर्ण वाचते, आणि तेवढी वाचवणारं औषध अजून बाजारात नाही.

प्रोटॉनबद्दल लोक फार विचारतात. क्ष-किरण शरीरात शिरले की आरपार जातात, म्हणजे वाटेतलं आणि पलीकडचंही काही ना काही दुखावतं. प्रोटॉन ठरावीक खोलीवर आपली ऊर्जा टाकून तिथेच थांबतो. मुंबईजवळ खारघरला टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक या केंद्रात ही सोय २०२३मध्ये सुरू झाली. कवटीच्या तळाशी, डोळ्याजवळ असलेल्या गाठी, लहान मुलं, आधी एकदा रेडिएशन झालेले रोगी यांना तिचा उपयोग स्पष्ट आहे. गालाच्या नेहमीच्या कर्करोगात मात्र जमीन विकून प्रोटॉनच्या मागे धावण्याइतका पुरावा माझ्या मते नाही. त्याऐवजी आपल्या गावाजवळच्या केंद्रात चांगली आखणी आणि वेळेवर सुरुवात मिळत असेल तर ती घ्यावी.

आता रेडिएशनच्या आधीच्या पंधरा दिवसांकडे येऊ. पहिलं काम दातांचं, आणि याच कामात सगळ्यात जास्त चालढकल होते. रेडिएशनने जबड्यातल्या, विशेषतः खालच्या जबड्यातल्या, रक्तवाहिन्या बारीक होतात. हाड जिवंत असतं, पण जखम भरून काढण्याची त्याची ताकद जाते, आणि ती परत येत नाही. पुढे चार वर्षांनी किडलेली दाढ काढली, तर तो खड्डा भरत नाही, हाड उघडं पडतं, पू होतो, कधी जबडा मोडतोही. म्हणून जी दाढ आज ना उद्या काढावीच लागणार आहे ती रेडिएशनच्या आधी काढायची, आणि जखम भरायला निदान दहा ते चौदा दिवस द्यायचे. ज्या दिवशी रेडिएशनचा निर्णय होतो त्याच दिवशी दंतविभागाची चिठ्ठी हवी. मास्कच्या दिवशी दाताची आठवण झाली तर दोनच वाटा उरतात: उपचार लांबवा किंवा धोका घेऊन पुढे जा. दोन्ही वाईट.

उरलेल्या दातांसाठी फ्लोराइड. लाळ आटलेल्या तोंडात दात नेहमीसारखे वरून किडत नाहीत, हिरडीजवळ, दाताच्या मानेशी किडतात आणि तिथून तुटतात. दातांचे डॉक्टर फ्लोराइडची जेल किंवा जास्त फ्लोराइडची पेस्ट लिहून देतात, ती जन्मभर लावायची. मिश्री, राखुंडी, खरखरीत दंतमंजन हे सगळं बंद.

मेलेल्या हाडासाठी दाबाखालच्या प्राणवायूच्या उपचाराची एके काळी फार हवा होती. दात काढण्याआधी संरक्षण म्हणून तो देत. ब्रिटनमधल्या ‘होपॉन’ चाचणीत २०१९मध्ये त्याचा काही फायदा दिसला नाही. प्राणवायू घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही गटांत हाड मरण्याचं प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपासच निघालं. महाग उपचार चांगलाच असणार हा समज किती पोकळ असतो, त्याचा हा चांगला दाखला.

दुसरं काम जबड्याचं. आपल्याकडे गुटखा-सुपारीमुळे अनेकांचं तोंड आधीच आखडलेलं असतं. गालाची आतली कातडी जाड, पांढरट, ताठ झालेली असते. त्यावर ऑपरेशन, त्यावर रेडिएशन. स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून पुढच्या दातांमधून आत जातात का, ही घरच्या घरी करायची तपासणी. दाताच्या धारेपासून धारेपर्यंत ३५ मिलिमीटरपेक्षा कमी उघडत असेल तर डॉक्टर त्याला जबडा आखडणं म्हणतात. यावर आइस्क्रीमच्या लाकडी काड्या पुरतात. जितक्या मावतील तितक्या एकावर एक रचून दाढांमध्ये धरायच्या, थोडा वेळ ठेवायच्या आणि काही दिवसांनी एक वाढवायची. दिवसातून चार-पाच वेळा. हा व्यायाम उपचाराआधी सुरू करायचा आणि संपल्यावरही कित्येक महिने चालू ठेवायचा, कारण घट्टपणा उपचारानंतरच जास्त वाढतो. फुकटचा व्यायाम आहे म्हणून की काय, तो कोणी मनावर घेत नाही.

तिसरं काम गिळण्याचं. इथे नळीचा प्रश्न येतो. तोंड सोलवटलं, वजन उतरायला लागलं की नाकातून नळी, म्हणजे रायल्स ट्यूब, घालतात किंवा पोटातून घालतात. ती घालण्यात कमीपणा नाही, आणि वेळेवर घातली तर उपचार खंडित होत नाही. पण नळी आली की माणूस तोंडाने घेणं पूर्ण सोडतो, आणि तिथे नुकसान होतं. दोन महिने प्लास्टरमध्ये ठेवलेला हात बाहेर आल्यावर जसा बारीक आणि दुबळा झालेला असतो, तशी गत गिळण्याच्या स्नायूंची होते. डॉक्टरांनी ठसक्याचा धोका नाही असं सांगितलं असेल तर नळी असतानाही रोज थोडं थोडं तोंडाने घ्यावं. पाणी, ताक, पातळ पेज, जे जाईल ते. ज्यांनी उपचारभर तोंडाने खाणं आणि गिळण्याचे व्यायाम दोन्ही चालू ठेवले, त्यांचं नंतरचं खाणं जास्त चांगलं राहिलं, असं अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसलं आहे. हे व्यायाम स्पीच थेरपिस्ट शिकवतात. आवाज ठीक असला तरी त्यांच्याकडे जायचं असतं.

खाण्यात तिखट, आंबट, कुरकुरीत हे तिसऱ्या आठवड्याच्या आधीच सोडावं. आसट भात आणि वर तुपाची धार, मऊ मुगाची खिचडी, मेतकूट-भात, नाचणीची आंबील, लापशी, खिमट, दही घुसळून, चालत असेल तर नीट शिजवून मऊ केलेलं अंडं (अर्धवट उकडलेलं नको), सुपात मिसळलेलं मटण. वजन टिकवायचं ते नुसत्या तब्येतीसाठी नाही. वजन उतरलं की गाल बसतात, मास्क सैल होतो, आतल्या ग्रंथी आत सरकतात, आणि काटेकोर आखलेली भूमिती बिघडते. मग कधी नवा मास्क आणि नवं नियोजन करावं लागतं. फ्रान्समधल्या एका चाचणीत सरसकट दर आठवड्याला नवं नियोजन करून पाहिलं, तर लाळेत काही फरक पडला नाही. म्हणजे ज्याचा मास्क ढिला झाला त्याच्यापुरतंच ते करणं शहाणपणाचं.

तोंडाच्या जखमांसाठी सगळ्यात कामाचं औषध स्वयंपाकघरात असतं. लिटरभर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ, एक चमचा खायचा सोडा. दिवसातून पाच-सहा वेळा, पहिल्या दिवसापासून गुळण्या. बेंझिडामिनच्या गुळण्यांना चांगला पुरावा आहे. कमी तीव्रतेच्या लेझरलाही आहे, आणि त्यावरचं महत्त्वाचं काम मंगळूरच्या डॉक्टरांनी केलेलं आहे. जिथे ही सोय असेल तिथे ती मागावी. याउलट क्लोरहेक्सिडीन हे माउथवॉश दुकानदार सर्रास देतात. रेडिएशनच्या जखमा टाळण्यासाठी ते वापरू नये असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. अल्कोहोल असलेले झोंबणारे माउथवॉश तर नकोच. जिभेवर पांढरे चट्टे आले आणि आग अचानक वाढली तर ती बुरशी असू शकते. तिला वेगळं औषध लागतं, आणि ते दिलं की दोन दिवसांत फरक दिसतो.

मधाचं काय? हसण्यावारी नेऊ नये. त्याच आंतरराष्ट्रीय सूचना २०२०पासून मधाला सौम्य पाठिंबा देतात. तोंडात घोळवून गिळायचा. मधुमेह असेल तर विचारून, आणि नंतर गुळणी करून, नाहीतर दात जातील. हळदीबद्दल अजून तेवढं खात्रीने कोणी म्हणत नाही. कातडीला मात्र हळद, तेल, चुना, अंगारा यांतलं काही लावू नये. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ सुती कापड, मानेवर ऊन नाही, कॉलर नाही, वस्तरा नाही. एवढं पुरतं.

दुखण्यासाठी मॉर्फिन लिहिलं की घरात वादळ उठतं. ‘त्याची सवय लागेल’, ‘म्हणजे शेवटची स्टेज आली का?’ दोन्ही गैरसमज. तोंडाच्या जखमांना पाचव्या आठवड्यात पॅरासिटामॉल पुरत नाही. मॉर्फिन घेऊन माणूस वाटीभर पेज पिऊ शकत असेल, तर ते औषध पोटात अन्न घालतंय. जखमा भरल्या की ते हळूहळू बंद होतं.

आणि दिवस चुकवायचा नाही. हे दुष्परिणामांच्या लेखात कशाला, असं वाटेल. त्रास असह्य झाला की पहिला विचार ‘चार दिवस थांबूया’ हाच येतो. पण साधारण चौथ्या आठवड्यानंतर उरलेल्या कर्करोगाच्या पेशी जास्त वेगाने वाढायला लागतात. उपचार एक दिवस लांबला की गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता एक ते दीड टक्क्याने घटते, असा अंदाज अनेक अभ्यासांतून निघाला आहे. एक दिवस चुकलाच तर तो भरून कसा काढायचा, हे डॉक्टर ठरवतात. म्हणून त्रास आटोक्यात ठेवायचा तो फक्त सुखासाठी नाही, उपचार पूर्ण व्हावा यासाठी. दिवस चुकण्याचं कारण पुष्कळदा तोंडाचा फोड नसतोच. नांदेडहून किंवा यवतमाळहून आलेल्या माणसाला मुंबईत सात आठवडे राहायचं कुठे, हे असतं. दादरची गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा यासाठीच अनेक पिढ्यांना माहीत आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत रेडिएशनचा खर्च बसतो. हॉस्पिटलमधल्या समाजसेवा विभागाच्या टेबलाशी पहिल्याच आठवड्यात जाऊन बसलं, तर पाचव्या आठवड्यात बॅग भरावी लागत नाही.

तंबाखूचं सांगायला नको, पण सांगतोच. कॅनडातल्या ऑन्टारिओमध्ये १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उपचार चालू असताना धूम्रपान करणाऱ्यांपैकी ४५ टक्क्यांची गाठ पूर्ण विरघळली, न करणाऱ्यांपैकी ७४ टक्क्यांची. दोन वर्षांनी जिवंत होते ते ३९ विरुद्ध ६६ टक्के.

‘शक्तीच्या गोळ्यां’ची गोष्ट त्याहून चमत्कारिक. क्यूबेकमध्ये ५४० रोग्यांना रेडिएशनच्या काळात ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसाच्या गोळ्या देऊन पाहिल्या. काहींना सुरुवातीला त्यासोबत बीटा-कॅरोटीनही होतं. दोन्ही घेणाऱ्यांना तात्पुरते दुष्परिणाम कमी झाले. सगळे खूश होण्याआधी पुढचे आकडे आले: गोळी घेणाऱ्या गटात आजार परत येण्याकडे कल जास्त, आणि मृत्यूही जास्त. निरोगी पेशींचं रक्षण करणारी गोळी बहुधा कर्करोगाच्या पेशींचंही करत होती. दुष्परिणाम कमी करण्याच्या सगळ्या प्रयत्नांवर ही टांगती तलवार असते. किमोतही तेच दिसलं. टाटा मेमोरियलमध्ये ३०० रोग्यांवर सिस्प्लॅटिन हे किमोचं औषध तीन आठवड्यांतून एकदा मोठ्या डोसात की दर आठवड्याला (शरीराच्या दर चौरस मीटरमागे) ३० मिलिग्रॅमच्या छोट्या डोसात, याची तुलना झाली. छोट्या डोसाचा त्रास कमी होता, पण दोन वर्षांनी आजार आटोक्यात राहिल्याचं प्रमाण ७३ टक्क्यांऐवजी ५८ टक्केच निघालं. पुढे जपानमध्ये ऑपरेशननंतरच्या रोग्यांना त्याच मापाने आठवड्याला ४० मिलिग्रॅम दिले, तेव्हा मोठ्या डोसाइतकाच उपयोग झाला आणि त्रास कमी. म्हणजे मधली वाट असते, पण ती मोजून शोधावी लागते, अंदाजाने नाही.

परदेशात घशाच्या ज्या कर्करोगांमागे एचपीव्ही विषाणू असतो, त्यांत डोस कमी करण्याचे प्रयोग चालू आहेत. इंटरनेटवर ते वाचून इथले नातेवाईक ‘आमचाही डोस कमी करा’ म्हणतात. तंबाखूने झालेल्या गालाच्या कर्करोगाला ते लागू नाहीत. आणि त्या विषाणूवाल्या कर्करोगातही, सिस्प्लॅटिनऐवजी सौम्य समजलं जाणारं सेटुक्सिमॅब दिल्यावर जगण्याचं प्रमाण घटलं, हे २०१८मध्ये दोन मोठ्या चाचण्यांनी दाखवलं.

उपचार संपल्यावरचं थोडं. मानेला रेडिएशन झालेल्या पुष्कळांची थायरॉइड पुढच्या काही वर्षांत मंदावते. थकवा, सुस्ती, वजन वाढणं हे ‘कॅन्सरमुळे असेल’ म्हणून सोडून दिलं जातं, आणि असतं ते एका साध्या गोळीने सुटणारं. दर सहा ते बारा महिन्यांनी टीएसएच तपासून घ्यावं. मान आणि खांद्याचे व्यायाम सोडू नयेत. लाळ फारच कमी असेल तर पिलोकार्पिनबद्दल डॉक्टरांना विचारावं. दमा किंवा काही डोळ्यांचे आजार असतील तर ते चालत नाही.

आणि एक विनंती. रेडिएशनची फाइल कपाटात गेल्यावर पाच वर्षांनी, दहा वर्षांनी, गावातल्या कुठल्याही दातांच्या डॉक्टरकडे गेलात, तरी खुर्चीत बसण्याआधी सांगा: ‘माझ्या जबड्याला रेडिएशन झालेलं आहे.’ कोणत्या बाजूला आणि किती ग्रे, हे त्या फाइलच्या शेवटच्या सारांशाच्या कागदावर लिहिलेलं असतं. त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, आणि तो पाहिल्याशिवाय कोणालाही दात काढू देऊ नका.